घाणेरड्या कमेंट्सचं मी काय करते

रेसिपीचा व्हिडिओ टाकला की खाली कुणीतरी माझ्या वजनावर, नाहीतर माझ्या वऱ्हाडी बोलण्यावर घसरतंच. "मीठ जास्त वाटतंय, ताई" ही टीका मला हवीच आहे, तिला मी उत्तर देते, पण शिवी ही टीका नाहीये आणि ती वाचायचं बंधन कुणावरच नाही.

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ब्लॉक्ड वर्ड्सची यादी असते, त्यातला शब्द आला की कमेंट थेट दिसत नाही, आधी तुमच्याकडे तपासायला थांबते, फक्त आपल्याकडे लोक एकच शिवी देवनागरीत लिहितात आणि इंग्रजी अक्षरांत तीन-चार स्पेलिंगनी लिहितात, म्हणून सगळी रूपं टाकावी लागतात, कंटाळवाणं काम आहे पण कराच. आणि ही यादी नवऱ्याला किंवा मैत्रिणीला करायला सांगा ना, ते शब्द आपणच कशाला आठवत बसायचं! सारखं छळणाऱ्याला 'हाइड युजर', इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट'. त्याची कमेंट त्याला स्वतःला दिसत राहते, बाकीच्यांना नाही, त्यामुळे तो चिडून नवीन अकाउंट काढायची शक्यता कमी.

धमकी किंवा अश्लील काही असेल तर मात्र लगेच डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, तारीख, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम 351 आहे, बाईच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी 79. घरचे म्हणतील, जाऊदे, चॅनेलच बंद कर. तू कशाला बंद करायचं गं?