स्पाउच्या बाजारातला पारिजातक

आम्स्टरडॅममध्ये स्पाउ नावाच्या छोट्या चौकात दर शुक्रवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आमचा मुक्काम चार दिवसांचा होता आणि त्यात शुक्रवार यावा म्हणून मी तिकिटं बदलून घेतली होती. मला ‘हॉर्टस मलबारिकस’मधलं एक तरी चित्र हवं होतं.

कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारातल्या वनस्पतींवर हा ग्रंथ करून घेतला. 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅममध्ये त्याचे 12 खंड छापले गेले. झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचं 1675चं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणीत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात आपली अक्षरं तांब्यावर कोरली गेली, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं.

सकाळपासून भुरभुर पाऊस होता. एका तंबूत म्हातारे आजोबा मोठाले पुठ्ठ्याचे फोल्डर मांडून बसले होते. त्यांनी आधी एक रंगीत पान काढलं. फुलं टवटवीत, पानं हिरवीगार. पण हा ग्रंथ मुळात काळ्या शाईतच निघाला, आज दिसणारे रंग बहुतेक वेळा नंतर कुणीतरी भरलेले असतात. आजोबांनी स्वतःहून सांगितलं, ‘‘रंग अलीकडचा आहे.’’ एवढ्यावरच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. असं सांगणारे फार थोडे. आधी एकदा दुसऱ्या एका शहरात अस्सल म्हणून घेतलेलं गुलाबाचं चित्र घरी भिंगाखाली धरलं, तर सगळे आजकालच्या ऑफसेट छपाईचे ठिपके दिसले होते.

मग त्यांनी न रंगवलेली पानं पुढे केली. एकेक उलटत गेले आणि पहिल्या खंडातलं ‘मंजा-पुमेरम’ हाती आलं. नावाचा अर्थ, हळदीच्या रंगाच्या फुलांचं झाड. म्हणजे आपला पारिजातक!

पान जवळजवळ दीड फूट रुंद, मधोमध घडी, कारण पुस्तकात ते दोन पानांवर पसरलेलं होतं. कडेवरून बोट फिरवलं तर तांब्याच्या पत्र्याचा दाब लागला. छापताना ओला कागद पत्र्याबरोबर दाबला जातो, त्याची ही खूण. उजेडाकडे धरलं तर हाताने बनवलेल्या कागदातल्या उभ्या रेषा दिसल्या. खरखरीत पानं आणि चौकोनी फांद्या इतक्या नेमक्या होत्या, की काढणाऱ्यासमोर डहाळी ताजी असणार.

वरच्या कोपऱ्यात नावं होती: रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी. कोरणाऱ्याला ती लिपी येत नसणार, वळणं वेडीवाकडी पडली होती. पण पहिलं ‘प’ लागलं आणि माझे डोळे भरून आले. कोचीनमध्ये कुणा वैद्याने डहाळी हातात घेऊन नाव सांगितलं असेल आणि कुणीतरी ते असं उतरवून घेतलं असेल.

एक सल मात्र आहे. असं सुटं पान बाजारात येतं ते बहुतेकदा कुठला तरी खंड उसवून. तो पुन्हा बांधला जात नाही. मी ठरवलं आहे, आधीच सुटलेली पानंच घ्यायची आणि अखंड पुस्तक पाहायला ग्रंथालयात जायचं. हे पान कधी सुटलं, हे आजोबांनाही माहीत नव्हतं. 140 युरो दिले, घासाघीस केली नाही. त्यांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दिलं, गुंडाळी करू नका म्हणून बजावलं.

मुंबईत फ्रेमवाला म्हणाला, ‘‘ताई, लॅमिनेट करून देतो, दमट हवेत टिकेल.’’ माझा जीवच घाबरला. आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगितलं, काचेला कागद चिकटू नये एवढी फट ठेवायला सांगितली. उन्हाची भिंत टाळली. आणि माउंट कापण्याआधी त्याला दोनदा माप घ्यायला लावलं, नागरी अक्षरांचा तो कोपरा झाकला जाऊ नये म्हणून.