नळीतली शिट्टी

आमच्याकडे दिवाळीचे फटाके दिवाळीत संपत नाहीत. संपू दिले जात नाहीत, असं म्हणा. सोयाबीन निघालं, हरभरा वर आला की रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या (नीलगायींच्या) चकरा सुरू होतात. मग जागलीला जाणारा माणूस टॉर्च, काठी आणि तंबाखूच्या डबीसोबत दोन-चार शिट्टीवाली रॉकेटंही पिशवीत टाकतो. सुतळी बॉम्ब का नाही, असं मी शेजारच्या शेतातल्या काकाजींना विचारलं. ते गुडघ्याला मलम चोळत बसले होते. म्हणाले, "बॉम्ब फुटला का डुक्कर पयते, अन् धुऱ्यावर जाऊन उभं राह्यते. शिटी त्याच्या मांगं मांगं जाते, बाप्पा."

मलाही शिट्टीच आवडते, पण वेगळ्या कारणानं. बॉम्ब सगळा दारूगोळा एका दणक्यात उडवून मोकळा होतो. शिट्टीत सेकंदाला हजारभर बारके स्फोट होतात, तेही ठेक्यात.

काकाजींच्या झोपडीत दमट होऊन उकललेली एक नळी पाहायला मिळाली. जाड पुठ्ठ्याची, एका टोकाला बंद. तळाशी पांढुरका मसाला इतका ठासून बसवलेला की नखानं खरवडला तरी भुगा निघेना. वरचा भाग मात्र साफ रिकामा. मला आधी वाटलं, कारखानदारानं मापात मारलं. पण शिट्टी वाजते ती त्या रिकाम्या जागेतच. हा मसाला सलग जळत नाही, तडतडत जळतो. प्रत्येक तडतडीचा धक्का नळीतल्या हवेतून तोंडापर्यंत जातो, तिथून परततो आणि जळत्या थरावर आदळून पुढची तडतड कधी व्हायची ते ठरवतो. आग नळीला वाजवते आणि नळी आगीला ताल देते. 1952 साली मॅक्सवेल नावाच्या संशोधकानं हे नीट मांडलं. (वीज-चुंबकत्वाचा तो मॅक्सवेल नव्हे, हा दुसरा.)

शिट्टीचा सूर वरून खाली का घसरतो, हेही त्यातच आलं. हापशीखाली गुंड, म्हणजे घागर, भरताना सूर चढत जातो, कारण वरची हवेची जागा आखडते. इथे त्याच्या उलट. मसाला जळतो तशी रिकामी नळी लांबत जाते. साध्या हवेचा हिशेब धरला, तर 5 सेंटिमीटर पोकळीत सेकंदाला सुमारे 1700 कंपनं होतात आणि 10 सेंटिमीटरमध्ये 850, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. प्रत्यक्षात आतला वायू तापलेला असल्यानं सूर याहून चढा लागतो. त्यात रॉकेट आपल्यापासून लांब पळत असतं, त्यामुळे कानाला तो आणखी थोडा उतरलेला वाटतो.

आता मसाला. ऑक्सिजन पुरवायला पोटॅशियम परक्लोरेट आणि जळायला बहुधा सोडियम किंवा पोटॅशियम बेंझोएट. सोडियम बेंझोएट म्हणजे सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 211 लिहिलेलं असतं, तेच. बुरशी येऊ नये म्हणून घालतात. बेंझोएटऐवजी सोडियम सॅलिसिलेटही चालतं, आणि काकाजींच्या मलमाचा तो झोंबरा वास सॅलिसिलेटच्याच एका भावंडाचा. पूर्वी गॅलिक आम्ल वापरायचे. आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातल्या हिरड्यातही ते असतं. त्याही आधी पिक्रेटं होती, पण ती फारच भडक डोक्याची. या सगळ्यांत बेंझिनचं सहा कार्बनचं कडं सारखं. साखर किंवा कोळशाची पूड घातली तर नुसता भडका उडेल, सूर लागायचा नाही.

झोपडीतली ती नळी पेटली असती, तरी बहुतेक फुसफुसून गप्प झाली असती. सोडियमचे क्षार हवेतली ओल धरतात. आणि कोणाला घरी प्रयोग करायची खुमखुमी असेल तर एवढं सांगतो, हाच मसाला सैल भरला किंवा दाबताना त्याला तडा गेला, तर शिट्टी वाजत नाही, थेट स्फोट होतो. काम शिकलेल्या लोकांचीही बोटं गेली आहेत यात.

डुकरं आता शिट्टीलाही सरावलीत, म्हणून काकाजी यंदा कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनचा भाव विचारून आले. उरलेली रॉकेटं त्यांनी भजनी मंडळाच्या पोरांना दिली. मंडळाचे पेटीवाले बुवा पहिलं रॉकेट कान देऊन ऐकत राहिले. "आवाज बरा हाये," म्हणाले, "पण सुरावर थांबतच नाही. नुसती मींड घेत जाते." मी त्यांना नळीचा हिशेब सांगितला. बुवांनी जळकी नळी उचलून तिच्या तोंडावर फुंकर मारून पाहिली. "मंग कारखानेवाल्याले सांगा नं," म्हणाले, "नळी जरा लंबी दे म्हना. खर्जात तरी वाजन."