दिवसा, दिवशी, दिवसात

एका ‘ई’वर मराठी माणसाचा अख्खा दिवस निघतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, मध्यरात्री, सोमवारी. शाळेत विभक्ती घोकताना सप्तमीला ‘त, ई, आ’ म्हटलं, त्यातली ही मधली. मग इंग्रजीच्या पेपरात गाळलेली जागा येते आणि त्या एका ‘ई’साठी इन, ॲट, ऑन आणि ‘काहीच नको’ असे चार उमेदवार रांगेत उभे राहतात.

पहिला उपाय सगळ्यांचा एकच असतो. ‘ई’ दिसली की ‘इन’ लावायचा. इन द मॉर्निंग, इन द आफ्टरनून, इन द इव्हनिंग. तीन स्टेशनं गाडी झकास जाते आणि ‘इन द नाइट’ला रुळांवरून घसरते. तिथे ‘ॲट नाइट’ हवं, तेही मधला ‘द’ काढून. का? वर्गात याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: सकाळ-दुपार माणूस जागेपणी जगतो म्हणून त्यांना लांबीरुंदी आहे, रात्र झोपेत जाते म्हणून तो नुसता बिंदू. लक्षात ठेवायला बरं आहे. पण रातपाळीच्या माणसाला हे सांगून पाहा.

त्यापेक्षा आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. ‘रात्री दूध पितो’ आणि ‘रात्रीतून दोनदा उठावं लागतं’, ही दोन वाक्यं आपण कधी चुकवत नाही. पहिल्यात रात्र ही दिनक्रमातली एक वेळ आहे. दुसऱ्यात ती एक लांबलचक गोष्ट आहे आणि तिच्या पोटात काहीतरी घडतंय. इंग्रजीतही नेमकं हेच. दूध ‘ॲट नाइट’. दोनदा उठणं ‘इन द नाइट’. म्हणजे ‘इन द नाइट’ मुळात चूक नाहीच, ते आपलं ‘रात्रीतून’ आहे. ‘रात्री’च्या जागी वापरलं की चुकतं, एवढंच.

‘दिवस’ हा शब्द तर त्याहून मजेदार. दिवसा झोपतो, त्या दिवशी आला, एका दिवसात संपवलं. सप्तमीचे तिन्ही प्रत्यय एकाच शब्दाला, आणि तीन अर्थ इतके वेगळे की पाचवीतलं पोरही ‘त्या दिवसा आला’ म्हणणार नाही. इंग्रजीत यांची रूपं अनुक्रमे बाय डे, ऑन दॅट डे आणि इन अ डे. तेव्हा ‘इंग्रजीत एवढे प्रकार कशाला’ ही तक्रार जरा जपून करावी. फरक एवढाच की आपले प्रत्यय आईच्या मांडीवर मिळाले आणि त्यांचे तक्त्यावरून.

रात्रीबाबत आणखी एक जुळणी आहे. ‘ही वर्क्स नाइट्स’ या वाक्यातल्या शेवटच्या ‘स’ला आज सगळे अनेकवचन समजतात. पण जुन्या इंग्रजीत ‘रात्रीचा’ अशा अर्थाचं षष्ठीचं एक रूप होतं, आणि हा ‘स’ त्याच वळणाचा. आपणही ‘दुपारचं झोपू नये’, ‘रात्रीचा फिरू नकोस’ म्हणतोच की. तिथेही षष्ठीच आहे, आणि तिथेही मालकी कोणाचीच नाही.

‘ॲट’ची बाकीची मंडळी सोपी: नून, मिडनाइट, डॉन, सनसेट. घड्याळाचा किंवा आभाळाचा एक ठोका असला की ‘ॲट’. ‘इन द नून’ कुठेच नसतं, कारण नून म्हणजे आपली पसरलेली दुपार नव्हे, ते बरोबर बाराचं टोक. गंमत अशी की हा शब्द लॅटिनमधल्या नवव्या तासावरून आला. उजाडल्यापासून मोजलेला नववा तास म्हणजे आजचे सुमारे तीन. पुढे शब्द सरकत सरकत बारावर येऊन बसला. ‘पहाटे’चं मात्र सांभाळावं. डॉन म्हणजे फटफटणं, झुंजुमुंजू होणं. मुंबईत सूर्य मेअखेरीस सहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातच्या. पहाटे चारला उजेडाचा पत्ता नसतो. ‘पहाटे चारची गाडी’ इंग्रजीत ‘ॲट डॉन’ नाही, ‘ॲट फोर इन द मॉर्निंग’.

‘ऑन’ येतो तो तारखेचा किंवा वाराचा हात धरून. इन द मॉर्निंग, पण ऑन मंडे मॉर्निंग. एखाद्या विशिष्ट सकाळीला विशेषण चिकटलं तरी ‘ऑन’: ऑन अ कोल्ड मॉर्निंग. इथे हुशार विद्यार्थी फसतो, कारण अर्ली आणि लेट ही विशेषणं असूनही ‘इन’ सोडत नाहीत. इन द अर्ली मॉर्निंग, इन द लेट आफ्टरनून. ती सकाळीचं वर्णन करत नाहीत, तिचा तुकडा पाडतात, अशी समजूत घालून घ्यावी. तारखेपुढे रात्रही आपला ‘ॲट’ सोडते. संविधान सभा भरली ती ‘ऑन द नाइट ऑफ १४ ऑगस्ट १९४७’, आणि देश स्वतंत्र झाला तो ‘ॲट मिडनाइट’. एकाच रात्रीच्या दोन गोष्टी, दोन शब्दयोगी.

आता ‘काहीच नको’. आज सकाळी म्हणजे धिस मॉर्निंग, उद्या सकाळी म्हणजे टुमॉरो मॉर्निंग, रोज सकाळी म्हणजे एव्हरी मॉर्निंग, एके दिवशी सकाळी म्हणजे नुसतं वन मॉर्निंग. पुढे काही जोडायचं नाही. आपण ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘टुडे नाइट’ म्हणतो, कारण डोक्यात ‘आज’ आणि ‘सकाळ’ असे दोन डबे असतात. इंग्रजीत आज रात्रीला ‘टुनाइट’ हा एकच जोडलेला डबा आहे. काल रात्री ‘लास्ट नाइट’, पण काल सकाळी ‘यस्टर्डे मॉर्निंग’. ‘लास्ट मॉर्निंग’ चालत नाही. यामागे तर्क शोधू नये. हे पाठच करावं.

खरा घोळ मात्र या तिघांचा नाहीच. तो आहे ‘पर्यंत’चा, आणि ऑफिसच्या मेलमध्ये तो रोज सापडतो. ‘संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ याचं ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल इव्हनिंग’ होतं. पलीकडच्याला वाचून वाटतं, हा गृहस्थ आता संध्याकाळ होईतो एकसारखा रिपोर्टच पाठवत बसणार. मराठीत ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’ आणि ‘संध्याकाळपर्यंत थांबतो’ दोन्हीकडे ‘पर्यंत’च. इंग्रजीत काम चालूच राहणार असेल तर टिल, आणि त्या वेळेच्या आत एकदाच उरकायचं असेल तर बाय. तपासायची युक्ती सोपी आहे: ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ बसतंय का पाहावं. ‘संध्याकाळच्या आत पाठवतो’ बसतं, म्हणून बाय. ‘संध्याकाळच्या आत थांबतो’ बसत नाही, म्हणून टिल. ‘पासून’चंही तसंच. ‘सकाळपासून वाट बघतोय’मध्ये ‘फ्रॉम मॉर्निंग’ नको, ‘सिन्स धिस मॉर्निंग’ हवं.

घड्याळाची वेळ सोबत आली की क्रम उलटतो. आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो: सोमवारी, सकाळी, सात वाजता. ते लहानाकडून मोठ्याकडे जातात: ॲट सेव्हन ऑन मंडे मॉर्निंग. शिवाय पाट्याही वेगळ्या. आपले रात्रीचे आठ त्यांच्याकडे बहुधा ‘एट इन द इव्हनिंग’. रात्री नऊला कोणाच्या घरी पोचलात तरी दारात ‘गुड इव्हनिंग’च म्हणायचं, ‘गुड नाइट’ निघताना. आणि आपले रात्रीचे दोन त्यांच्याकडे ‘टू इन द मॉर्निंग’. मिट्ट काळोखातही मॉर्निंगच, कारण तारीख बदललेली असते.

आपण ‘रविवारी रात्री दोन वाजता’ म्हणतो तेव्हा घड्याळ सोमवारात शिरलेलं असतं. तरी ते अडाणीपणाचं नाही. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, आणि त्या हिशोबाने तो रविवारच. तिकीट मात्र पंचांग बघत नाही. तिकिटावर सोमवारची तारीख आणि गाडी ००.२० ची असेल, तर ती रविवारी रात्री जेवण उरकून गाठायची गाडी आहे. सोमवारी रात्री डबा बांधून, पाण्याच्या बाटल्या भरून सहकुटुंब स्टेशनावर गेलं, तर फलाटावर दिसते ती मंगळवारची.