जुना डोझर शोध: डाव्या चेनचं कोडं सुटलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की शेतासाठी बघितलेला चोपड्याकडचा जुना डोझर, डी-50 मॉडेलचा, जवळजवळ पक्का झालाय, फक्त डाव्या चेनचं (चाकांऐवजी असतो तो लोखंडी पट्टा) गणित बसत नाहीये. ते गणित सुटलं. आणि ज्या पद्धतीने सुटलं ते सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, कारण जुनी चेन मशीन बघायला जाणारा प्रत्येक जण इथेच अडकू शकतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. शेत पारोळ्याकडे, 14 एकर, खालची बाजू काळी, वरची मुरमाड आणि उताराची. वरच्या तुकड्याचं सपाटीकरण, बांध, वेडी बाभूळ मुळासकट काढणं आणि तलावातला गाळ टाकला की ट्रॉलीचे ढीग पसरवणं, एवढंच काम. डी-65 वर सल्ले खूप आले पण 16-17 टनाचं धूड एवढ्या कामाला कशाला, डिझेल तर पिणारच पण खालच्या काळ्या मातीत दाबही जास्त. डी-50 बाराएक टनाचा, मोजलं तेव्हा शूची (चेनवर बोल्टने बसवलेली, जमिनीला टेकणारी पट्टी) रुंदी 460 मिमी आणि जमिनीला टेकलेली लांबी 2.2 मीटर, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर 0.6 किलोच्या आसपास, हे चालतं. जेसीबी भाड्याने घे म्हणणाऱ्यांना परत तेच सांगतो, खड्डा खणायला जेसीबी, पण माती 50-60 मीटर ढकलून एकसारखी पसरवायला डोझरच पाहिजे, बकेटने केलेलं सपाटीकरण पहिल्या पावसात कळतं.

आता मशीन. इंजिन बघून खरंच आनंद झाला. सकाळी लवकर गेलो, आधी मॅनिफोल्डला हात लावून बघितला, थंडगार, म्हणजे आमच्या आधी कोणी गरम करून ठेवलं नव्हतं. पहिल्या सेल्फला उचललं, पांढरा धूर थोडा वेळ आला आणि साफ झाला, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) वाफ नावालाच. ब्लेड मातीत घालून लोडवर दोन्ही बाजूचे स्टिअरिंग क्लच ओढून बघितले, दोन्हीकडे वळलं. फायनल ड्राइव्हचं (चेनपर्यंत ताकद पोचवणारे शेवटचे गिअर) तेल थोडं काढून बोटावर चोळलं, चकाकी नाही, खर नाही. हे तेल बघायला विक्रेते कुरकुरतात, तरी बघायचंच, सील गेलेलं असेल तर माती आत जाते आणि मग गिअर-बेअरिंगचा खर्च मशीनच्या किमतीला भिडतो.

मग चेन. डाव्या बाजूचा आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं चाक) जवळजवळ पूर्ण मागे, त्याला पुढे ढकलून चेन ताणणाऱ्या अॅडजस्टरचा रॉड बाहेर आलेला नाहीच, चेनचा झोळ बरोबर. असं नव्या चेनला असतं. उजव्या बाजूला आयडलर थोडा पुढे सरकलेला. एजंटचं म्हणणं, "भाऊ, डावी चेन आत्ताच टाकलीय, उजवी पण अजून खूप चालेल." पण डाव्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवणारं मागचं दातेरी चाक) दात टोकाला सुरीसारखे झालेले आणि चेनच्या बुशवर (पिनवरची नळी, दात हिलाच टेकतात) एका बाजूने खोल खाच. नवीन चेन आणि असला स्प्रॉकेट एकत्र कसे? डोकं भणाणून गेलं. फोटो मोठे करून करून बघितले, तीन मेकॅनिकना पाठवले, प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणे स्प्रॉकेट जुनाच ठेवून चेन नवी टाकली असेल. ते शक्य आहे, लोक पैसे वाचवायला करतात, आणि नवी चेन जुन्या दातावर लवकर खराब करून बसतात. पण मग बुशवर इतकी खोल खाच का?

शेवटी नीट माप घ्यायचं ठरवलं. स्प्रॉकेटच्या दात आणि चेनमध्ये एक सुटी पिन अडकवायची, मशीन हळू रिव्हर्स घ्यायचं म्हणजे वरची बाजू ताणली जाते, मग वाळलेली माती खरवडून काढायची आणि चार लिंक (चेनच्या कड्या) मोजायचे, पिनच्या एका कडेपासून पुढच्या चौथ्या पिनच्या त्याच कडेपर्यंत, मास्टर लिंक (चेन जिथे उघडते-जोडते ती कडी) सोडून. स्टीलचा टेप घ्या, कापडी टेप ताणला जातो, त्याचा इथे काही उपयोग नाही. डी-50 चा एक लिंक नवीन असताना 175.5 मिमी, म्हणजे चार लिंकचे 702. एका लिंकमागे 3 मिमी वाढ झाली की चेन दुरुस्तीला काढायची, म्हणजे 714 ही हद्द. उजवी आली 709. डावी 718.

718! हद्दीच्याही पुढे. एवढी ताणलेली चेन असेल तर आयडलर पार पुढे ढकललेला दिसायला पाहिजे, आणि तो मागे बसलाय. दोन-तीन जागी परत मोजलं, तेच.

तेव्हा सोबत आमच्या गावचे नाना होते, कॅनॉलच्या कामावर आयुष्यभर डोझर चालवलेला माणूस. ते इतका वेळ सावलीत बसून बघत होते, उठले आणि म्हणाले, "अरे भो, मिमी काय मोजतोस, शू मोज आधी." खडू घेतला, पहिल्या शूवर खूण केली आणि मशीन थोडं थोडं पुढे घेत दोन्ही बाजू मोजल्या. डाव्या चेनला उजवीपेक्षा एक शू कमी.

म्हणजे काय झालं होतं, तर चेन ताणत ताणत अॅडजस्टर संपला, पुढे ओढायला जागा उरली नाही, मग कोणीतरी एक लिंक कापून काढला आणि चेन परत जोडली. लिंकमागे 4 मिमी वाढ, गुणिले सगळे लिंक, साधारण दीडशे मिमी होतात, आणि एक लिंक काढला की पावणेदोनशे कमी होतात. म्हणून आयडलर नव्या चेनसारखा मागे. सगळं जुळलं. बाहेरून बघणाऱ्याला झोळ छान दिसतो, आतून पिन-बुश संपलेले.

मग उजवी चेन 709 कशी राहिली? खाली झोपून बुश बघितले तर घासल्याची खूण दोन्ही बाजूंनी. म्हणजे उजवीचे पिन-बुश एकदा प्रेसवर 180 अंश फिरवून झालेत. फिरवल्यावर न घासलेली बाजू कामाला येते, पिच (दोन पिनमधलं अंतर) परत जवळपास मूळ मापावर येतो, पण ही संधी एकदाच. डावीचे फिरवले नव्हते आणि आता वेळ गेली, दोन बुशला तर उभी चीर दिसली, चिरलेला बुश फिरवून उपयोग नाही. थोडक्यात, दोन्ही चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन टाकल्याशिवाय हे मशीन शेतात आणायचं नाही. फक्त डावी टाकली तर दोन बाजूंचे पिच वेगळे, मशीन सरळ चालताना एका अंगाला ओढणार, बारीक लेव्हलच्या कामात ते फार त्रासाचं.

एजंटला सांगितलं तर म्हणे चेन काय, चालतंय ना. चालतंय हो, पण चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट ह्या खालच्या भागावरच चेन मशीनचा जवळपास निम्मा मेंटेनन्स जातो. रंग मारलेला बोनेट आणि नवीन सीट दाखवणारे व्हिडिओ पाठवण्यापेक्षा चार लिंकवर टेप ठेवून एक फोटो पाठवला असता तर दोघांचा वेळ वाचला असता. एवढं लपवणाऱ्याशी व्यवहार करावा का, हा प्रश्न मनात आहेच.

धुळ्यातल्या एका ट्रॅक प्रेसवाल्याकडे पूर्ण सेटचा भाव विचारला, बाहेरच्या बनावटीच्या चेनचा आकडा एजंटच्या साडेअकरा लाखाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला. माणूस चांगला वाटला, त्याने स्वतःहून सांगितलं की तुमचं काम वर्षात थोडंच, ड्राय चेन (पिन-बुशमध्ये तेल नसलेली) घ्या, सील-लुब्रिकेटेडचे (आत तेल भरून सील केलेली) पैसे तुमच्या कामात वसूल होत नाहीत. मला हे पटलं. सगळ्यात महाग ते विकायचं सोडून असं सांगणारे कमी असतात.

तर प्लॅन असा होता की भाव साडेसात-आठ पर्यंत खाली आला तर घ्यायचं, इंजिन आणि ट्रान्समिशन इतकं चांगलं परत मिळणार नाही, आणि चेन नवीन टाकायची. हे लिहिता लिहिताच दुसरं डोक्यात आलं. नाना म्हणत होते की मालेगावकडे भंगारात एक डी-50 उभा आहे, इंजिन ब्लॉक फुटलेला, पण तो आयुष्यभर काळ्या मातीतच चालला. हे महत्त्वाचं आहे. तापी-गिरणेच्या वाळूत किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यात चाललेली चेन भराभर घासते, काळी माती त्या मानाने खूप सौम्य, फक्त ओली असताना स्प्रॉकेटमध्ये भरून घट्ट बसते आणि चेन ताणते, त्यामुळे ओलीत झोळ थोडा जास्त ठेवावा लागतो. तर त्या भंगार मशीनचा खालचा अख्खा सेट, चेन, स्प्रॉकेट, रोलर, आयडलर सगळं, वजनाच्या भावाच्या थोडं वर मिळालं तर चोपड्याच्या मशीनला बसवता येईल. एकत्र घासलेला सेट एकत्रच आला तर दात आणि बुश एकमेकांना जुळलेलेच असतात, हे नव्या चेन-जुन्या स्प्रॉकेटपेक्षा कधीही बरं. मात्र मॉडेलचा डी-50 च्या पुढचा आकडा, शूच्या बोल्टचं अंतर आणि रोलरची संख्या जुळली पाहिजे, नाहीतर अर्धा सेट पडून राहील. लोबेडचं (मशीन वाहून नेणारा बुटका ट्रेलर) भाडं पण दोन ऐवजी एकदाच लागेल असं बघतोय, सुटा सेट ट्रकमध्ये येतो.

कागदांचं पण सांगून ठेवतो, चोपड्याच्या मशीनचं मूळ बिल आहे, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर प्लेटवर जाऊन स्वतः टॅली केले, जुळले. फायनान्सवाल्याची एनओसी अजून हातात आलेली नाही, ती आल्याशिवाय बयाणा देणार नाही.

वेळ फार नाही. रब्बी निघाली की वरचा तुकडा मोकळा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत सपाटीकरण आटोपायला पाहिजे, काळ्यात ओलावा आला की डोझर घालायचा नाही, जमीन दाबून दगड होते. मालेगावच्या माणसाला फोन करून मागितलंय, मास्टर लिंक सोडून चार लिंक, ताणून, स्टील टेप लावून, दोन्ही बाजूंचा फोटो, आणि दोन्ही बाजूंचे शू मोजून आकडा. दोन्ही बाजू सारख्या आणि माप 708 च्या आत आलं तर चोपड्यात भाव पाडायला बसतो. नाही आलं तर धुळ्याचा नवीन ड्राय सेट धरून साडेसातच्या वर एक रुपया नाही.