गल्ला भरतोय, मग पैसा जातो कुठं?

तालुक्याच्या गावात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, दादांनी म्हणजे वडिलांनी उभं केलेलं, आणि लहानपणापासून घरात एकच ऐकत आलोय, धंदा चांगलाय पण पैसा टिकत नाही. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा हिशोब म्हणजे उधारीची एक वही, तारेला टोचलेली बिलं आणि बाकी सगळं दादांच्या डोक्यात. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आणि मार्चनंतर सीएकडे पिशवीभर कागद नेऊन द्यायचे, झालं.

मी रोज शटर ओढायच्या आधी रोजमेळ लिहायला लागलो. सकाळची शिल्लक, रोख विक्री, फोनपे, उधारी, हमाली, टेम्पो आणि घरी नेलेले पैसे वेगळे. भाजी, गॅस, लग्नाचे आहेर सगळं गल्ल्यातूनच जात होतं.

पण खरा धक्का सिमेंटनं दिला. निम्मी विक्री सिमेंटची म्हणून आम्ही खूश, आणि भाडं, हमाली धरून मांडलं तर गोणीमागं दहा रुपयेही सुटत नव्हते, तेही उधारीवर. डीलरचे पैसे आठ दिवसांत द्यायचे आणि ठेकेदार देणार स्लॅब टाकून झाल्यावर! म्हणजे त्याच्या साईटला आम्ही बिनव्याजी भांडवल पुरवत होतो आणि नळ, स्क्रू, सॉकेट जे रोखीत जातं, ज्यात खरं मार्जिन आहे, ते भरायला पैसे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत जायचं. आता सिमेंट फक्त रोखीत.

उधारीवाल्याला वेगळं पान, आणि दर दिवाळीला बाकी कबूल म्हणून तारीख टाकून सही. वसुलीचा दावा साधारण 3 वर्षांच्या आत लावावा लागतो, त्या मुदतीत सही मिळाली तर 3 वर्षं पुन्हा नव्यानं मोजतात, आणि कोर्टात नुसती आपल्या वहीतली नोंद एकटी पुरत नाही. हे आधी माहीत असतं तर एका जुन्या ठेकेदाराकडचे आमचे पैसे बुडाले नसते.

बरेच दुकानदार मला म्हणतात, आम्ही रोख विक्रीवर 8 आणि बँकेतून पैसे आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा दाखवून रिटर्न भरतो, वही कशाला? अहो, छोट्या धंद्याला असा अंदाजे नफा दाखवायची सोय आहे ती इन्कम टॅक्सपुरती. कुठल्या मालात पैसा अडकलाय ते तिथं कुठं कळतं?

दादांना सुरुवातीला राग यायचा, स्वतःच्या गल्ल्याचा हिशोब मुलाला द्यायचा म्हणून, आणि मला ते कळत होतं. काल देवळात जाताना गल्ल्यातून शंभर घेतले आणि जाता जाता म्हणाले, घरखर्चात लिही रे.