मोराचा झगा आणि येवल्याच्या काकू

इंग्लंडमध्ये मराठी प्रवाशांना फिरवणं हे माझं काम. डर्बीजवळच्या केडलस्टन हॉलला मी बसने नेत नाही, रेल्वेनेच नेते. तीन ते नऊ जण एकत्र असले की गर्दीची वेळ सोडून तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, म्हणून गट नऊचाच धरते. सेंट पँक्रसला फलाट आयत्या वेळी कळतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना आधीच वर नेऊन बसवते. दीड तासात डर्बी, पुढे टॅक्सी.

हा कर्झनचा वडिलोपार्जित वाडा. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस याच्यावरूनच बेतलेलं, म्हणजे 1899 मध्ये व्हाइसरॉय होऊन गेलेला कर्झन तिथेही घरच्यासारख्याच वास्तूत राहिला. संगमरवरी दालनातल्या त्या उंच खांबांपाशी मी नेहमी गोखल्यांचं सांगते: 1905 च्या काशी काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. लोक खूश होतात.

त्या दिवशी गटात येवल्याच्या एक काकू होत्या, जन्मभर पैठणीच्या मागावर बसलेल्या. खालच्या संग्रहालयात लेडी कर्झनचा मोराचा झगा आहे, 1903 च्या दिल्ली दरबारातल्या नाचासाठी केलेला. दिल्लीच्या कारागिरांनी भरला, पॅरिसमध्ये वर्थ या नामांकित शिवणघराकडे शिवला. वजन सुमारे साडेचार किलो. अंगभर सोन्याचांदीच्या तारेची पिसं, एकावर एक चढलेली, आणि प्रत्येक डोळ्यात भुंग्याचा हिरवा पंख.

काकू काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मग खाली वाकून घेराच्या कडेतून आत बघायला लागल्या. तिथल्या स्वयंसेविका लगबगीने आल्या. मी सांगितलं, यांना उलटी बाजू बघायचीय. पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते. भरतकामात मागे टाके दिसतात आणि कारागिराचा हात तिथेच कळतो. बाई मनापासून ऐकत राहिल्या. काकू दाखवत गेल्या, मी सांगत गेले: तार कापडातून ओवत नाहीत, वर मांडून बारीक दोऱ्याने टाचतात, वळणावर टाका जवळ घ्यावा लागतो, नाहीतर तार उठते. "इथं एकही उठली नाही बघ," काकू म्हणाल्या.

गटातले निवृत्त शिक्षक मात्र पाठ करून उभे. "1900 साली आपल्याकडे दुष्काळात माणसं मरत होती, आणि तीन वर्षांत हा थाट."

"कर्झनचं जाऊ द्या हो सर. हा हात बघा," काकू म्हणाल्या.

"हात बघतोय, म्हणूनच राग येतोय."

वाटाड्यानं अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. माझ्याकडे गोखले तयार होते, पण सरांच्या त्या वाक्यापुढे ते मला भाषणातलं टाळीचं वाक्य वाटले. मी गप्प राहिले. अजूनही ठरत नाही, पुढच्या गटाला आधी खांबांपाशी न्यावं की थेट झग्यापाशी.

आता ऑफिस म्हणतंय, डर्बी गाळा, त्या दिवशी लोकांना खरेदीला सोडा. जे कधी गटाबरोबर गेले नाहीत, तेच कार्यक्रम आखतात. मी डर्बी ठेवलंय. काकूंनी येवल्याच्या आणखी दोघींची नावं दिली आहेत.