माझ्याच वयाची घड्याळे

वडोदरा, शनिवार

१९६९ सालचीच घड्याळे घ्यायची, त्याच्या आधीची नाहीत आणि नंतरचीही नाहीत, हा नियम मी स्वतःला घालून घेतला तेव्हा त्यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. जुन्या घड्याळांचा नाद एकदा लागला की त्याला तळ राहत नाही. आज फेवर ल्युबा, उद्या वेस्ट एंड, परवा कोणाच्या तरी आजोबांचे साखळीचे घड्याळ, असे करता करता कपाट भरते आणि पासबुक रिकामे होते. बँकेत नोकरी केलेल्या बाईला हे परवडत नाही आणि आवडतही नाही. जन्मसालाचे कुंपण घातल्यापासून बहुतेक घड्याळे मी हातात घेते, कौतुक करते आणि शांतपणे परत ठेवते.

साल मात्र मला चांगले मिळाले, असे म्हणायला हवे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यांत आमच्या गावाच्या नावाची बँकही होती. त्यानंतर दोनच दिवसांत माणूस चंद्रावर चालला. घड्याळांच्या जगात तर त्या वर्षी एवढ्या घडामोडी झाल्या की त्यांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे स्टॉपवॉचचे घड्याळ बनवण्याची शर्यत त्याच वर्षी निकालात निघाली. जानेवारीत झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केले, मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या जोडीदारांनी आपले यंत्र पुढे आणले आणि सेइकोने ६१३९ हे यंत्र फारसा गाजावाजा न करता बाजारात आणले. चंद्राच्या पृष्ठभागावर बझ ऑल्ड्रिन यांच्या हातात ओमेगा स्पीडमास्टर होते. आर्मस्ट्राँग यांनी आपले यानातच ठेवले होते, कारण यानातले घड्याळ बिघडले होते. आणि वर्ष संपता संपता, २५ डिसेंबरला, सेइकोने तोक्योमध्ये ॲस्ट्रॉन हे जगातले पहिले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीला ठेवले. त्याची किंमत ४,५०,००० येन होती. चावीच्या घड्याळांच्या सद्दीला उतरती कळा लागली ती तिथपासून.

यातले एकही घड्याळ माझ्याकडे नाही आणि ते घेण्याची माझी ऐपतही नाही. खरे सांगायचे तर तशी इच्छाही फारशी होत नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. मी जन्मले त्या वर्षी दांडिया बाजारातल्या माणसांच्या मनगटावर काय होते, हे मला पाहायचे असते. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्याने बनू लागलेली एचएमटीची जनता आणि पायलट. ज्यांच्या घरात दोन पैसे अधिक होते त्यांच्याकडे फेवर ल्युबाचे सी किंग किंवा वेस्ट एंडचे सोवार. आणि एखाद्या दूरच्या नातेवाइकाने आफ्रिकेतून नाही तर आखातातून आणलेले रोमर, कॅमी, हेन्री सँडोझ. आयातीवर निर्बंध असल्यामुळे ‘फॉरेनचे घड्याळ’ हे शब्द उच्चारतानाच आवाज थोडा खाली यायचा. जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ दिले की लग्न व्यवस्थित पार पडले, असे मानण्याचा तो काळ.

आज दुपारी रावपुऱ्यात काकांकडे गेले होते. काका म्हणजे आमचे घड्याळजी. ते गुजराती, पण दांडिया बाजारातल्या गिऱ्हाइकांशी आयुष्यभर मराठीत बोलत आल्यामुळे त्यांचे मराठी माझ्या मुलांपेक्षा चांगले आहे. दुकान टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हा टॉवर सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभा राहिला. एका बाईच्या नावाचे एवढे मोठे घड्याळ शहराच्या मधोमध असताना बायकांच्या मनगटी घड्याळांना मात्र कोणी वाली नसावा, याची मला तिथून जाताना नेहमी गंमत वाटते.

कारण वस्तुस्थिती अशी आहे की १९६९ मधली लेडीज घड्याळे आज कोणालाही नको आहेत. त्या काळी बायकांचे घड्याळ जितके लहान तितके ते उंची समजले जाई. करंगळीच्या नखाएवढी तबकडी, त्यात वेळ पाहायला चष्मा लागेल असे काटे आणि आत पुरुषांच्या घड्याळात असतात ते सगळेच भाग, फक्त अधिक बारीक. संग्राहक बहुतेक पुरुष, त्यामुळे त्यांना ती घालता येत नाहीत. घड्याळजी ती उघडायला नाखूश असतात, कारण बालकमानी, म्हणजे आतली केसासारखी बारीक कमान, एवढी नाजूक असते की चिमटा किंचित चुकला तरी संपले. म्हणून उत्तम स्विस बनावटीची ही यंत्रे पट्ट्याच्या किमतीत मिळतात. माझ्या संग्रहातले सर्वांत देखणे घड्याळ असेच आहे. ते एक लेडीज बुलोव्हा असून त्याच्या पाठीवर एम आणि ९ अशी दोन अक्षरे कोरली आहेत. बुलोव्हाचे मला फार कौतुक वाटते ते यासाठी की त्यांनी सालाबद्दल कोड्यात टाकले नाही. पन्नाशीच्या दशकाला एल, साठीच्या दशकाला एम, सत्तरीच्या दशकाला एन आणि पुढे वर्षाचा शेवटचा आकडा. एम ९ म्हणजे १९६९, बोलणे संपले.

बाकीच्यांकडे एवढे सरळ काम नाही. ओमेगाच्या यंत्रावरचा क्रमांक तक्त्याशी ताडून पाहावा लागतो आणि तक्ता अंदाजे साल सांगतो. यंत्र एका वर्षी बनलेले, केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बसले दुसऱ्या वर्षी आणि दुकानातून विकले गेले तिसऱ्या वर्षी, असेही होते. एचएमटीच्या बाबतीत मी बिल आणि दुकानाचा शिक्का असलेले गॅरंटी कार्ड यांवरच भिस्त ठेवते. सेइकोची पद्धत हुशारीची, पण अर्धवट. पाठीवरच्या सहा आकडी क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरसाठी ओ, नोव्हेंबरसाठी एन आणि डिसेंबरसाठी डी. मात्र दशक कोणते ते लिहिलेले नसते. पहिला आकडा ९ असला तर ते १९६९ की १९७९, हे आतले यंत्र पाहून ठरवायचे. यंत्र ६११९ असेल तर १९६९, कारण त्याचे उत्पादन १९७९ च्या आधीच थांबले. ७००९ असेल तर तोच ९ पुढच्या दशकांतला.

माझ्याकडचे सेइको ५ हे ६११९ आहे आणि त्याचा क्रमांक ९९ ने सुरू होतो, म्हणजे सप्टेंबर १९६९. त्याची चावी चाराच्या आकड्यापाशी लपलेली आहे आणि ती फिरवून तारीख बदलत नाही. ती थोडी दाबली की तारीख पुढे सरकते आणि पूर्ण दाबली की वार. बोटाला हा फरक कळायला थोडा सराव लागतो. एकदा कळला की विनाकारण दाबत बसावेसे वाटते. माझा जन्म नोव्हेंबरचा. त्यामुळे ९ एन ने सुरू होणारे एखादे मिळावे, अशी इच्छा बरेच दिवस मनात आहे.

काकांनी आज एक वेस्ट एंड दाखवले. कोण्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरून आलेले होते. डायल पिवळसर, बाराच्या आकड्याजवळ पाण्याचा डाग, काट्यांवरचा रेडियमसारखा मसाला तपकिरी पडलेला. काका म्हणाले, “बेन, डायल नवी करून देतो, एकदम चकाचक.” मी हात जोडले. हा विषय आमच्यात नेहमी निघतो. काकांचा युक्तिवाद असा की गिऱ्हाईक मळकी डायल घेत नाही आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु डायल पुन्हा रंगवली की घड्याळाचे साल पुसले जाते. जुन्या छपाईची अक्षरे भिंगाखाली किंचित उंच आणि काठाला धारदार दिसतात. नवी अक्षरे सपाट दिसतात आणि त्यांच्या कडा फुटतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत आणि तबकडीच्या अगदी तळाशी असणारे ‘स्विस मेड’ बहुधा गायब झालेले असते. त्या काळातल्या कित्येक घड्याळांवर याच दोन शब्दांच्या आजूबाजूला इंग्रजी टी छापलेला असे. तो ट्रिटियमचा, म्हणजे काटे अंधारात चमकावेत म्हणून वापरलेल्या किरणोत्सारी पदार्थाचा. ट्रिटियमचे अर्धे आयुष्य सुमारे १२.३ वर्षांचे असल्यामुळे १९६९ मधल्या काट्यांत आज शेकडा चार-पाच भागच शिल्लक राहिला आहे. तेव्हा त्या सालचे म्हणून दाखवलेले घड्याळ अंधारात झगझगीत हिरवे चमकू लागले, तर ते कौतुकाने पाहावे आणि दुकानदाराला परत करावे.

काकांनी डाग तसाच ठेवायचे कबूल केले. साफसफाई आणि तेल, एवढेच.

बुधवार

अहमदाबादच्या रविवारी बाजारात बसणाऱ्या एका विक्रेत्याने पाठवलेले सेइको आज मिळाले. पसंत पडले तर पैसे, नाही तर परत, असा व्यवहार. पाठीवर ९ एन. दुपारचा चहाही न घेता मी रावपुऱ्याला गेले.

काकांनी डोळ्याला भिंग लावले, पाठ फिरवून उघडली आणि काही न बोलता घड्याळ माझ्याकडे सरकवले. पाठीवर कोरलेला दुसरा, मॉडेलचा क्रमांक ६१०६ ने सुरू होत होता आणि आतल्या चक्रीवर स्पष्ट अक्षरांत ६११९ लिहिलेले होते. दोन्ही यंत्रे एकाच घराण्यातली, त्यामुळे मापे जुळतात आणि एकाची पाठ दुसऱ्याला बसते. म्हणजे पाठ नोव्हेंबर १९६९ ची खरी, पण ती ज्या यंत्रासाठी घडवली होती ते यंत्र आता कुठे तरी दुसऱ्याच केसमध्ये चालत असेल. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत जो क्रमांक असतो, तोही पाठीशी जुळत नव्हता. पाठ, यंत्र आणि डायल या तिघांची साक्ष एक आल्याशिवाय साल मान्य करायचे नाही, असा माझा नियम. इथे तर तिघे तीन गावांचे.

यात विक्रेत्याने फसवले असे मला वाटत नाही. आपल्याकडे घड्याळे चालती ठेवण्यासाठी दुरुस्त झाली, संग्रहालयात ठेवण्यासाठी नाही. सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा एक बंद घड्याळ मोडून दोन चालू करणे हेच घड्याळजीचे कौशल्य होते आणि काकांचा संसारही त्यावरच झाला. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाके मुरडतात, ते मला पटत नाही. चालू ठेवण्यासाठी केलेली जोडाजोड वेगळी आणि जुन्याला नवा रंग फासून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे वेगळे. पहिल्या प्रकारचे घड्याळ मी घालीनही. मात्र त्याला १९६९ चे म्हणून वहीत नोंदवणार नाही.

काकांनी सुचवले, “नुसती पाठ ठेवून घ्या.” क्षणभर मोह झाला, हे खरे. घड्याळ परत पाठवले.

शुक्रवार

वेस्ट एंड तयार झाले. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाते, तेवढे चालेल.

संध्याकाळी वही उघडून बसले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या एचएमटी जनताचा प्रश्न निकालात काढायचा होता. सतरा ज्वेल, म्हणजे घर्षण कमी करणारे खडे, रोज सकाळी हाताने चावी द्यायची, सेकंदाला पाच टिकटिक. साधारण ३५ मिलिमीटरचा हा पुरुषी नमुना आजच्या पुरुषांना लहान वाटतो आणि माझ्या मनगटाला अगदी नेमका बसतो. सोबत कार्ड आहे, परंतु दुकानाचा शिक्का जानेवारी १९७० चा. बंगळूरच्या कारखान्यात तयार होऊन, तपासून, वडोदऱ्याच्या दुकानात पोहोचून जानेवारीत विकले गेलेले घड्याळ आदल्या वर्षी बनले असण्याचीच शक्यता अधिक, असे मी लिहिले, आणि शेजारी पेन्सिलीने ‘अनुमान’ असा शब्द घातला. हिशेबनीसाच्या दृष्टीने एवढी सवलत चालण्यासारखी आहे.

ह्यांनी तेवढ्यात विचारले की मग आमच्या सालचे एखादे का घेत नाही. ह्यांचे साल १९६६. अट अशी घातली की रोज चावी देण्याची कटकट नको, बॅटरीवर चालणारे हवे. १९६६ मध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारातच आले नव्हते, हे मी सांगितले आणि ह्यांना वाटले की सुटलो. परंतु मार्ग होता. बुलोव्हाचे ॲक्युट्रॉन १९६० पासून बॅटरीवरच चालत असे. त्यात एक बारीक धातूचा चिमटा सेकंदाला ३६० वेळा कंप पावतो आणि घड्याळ कानाला लावले तर टिकटिक नाही, गुणगुण ऐकू येते. पाठीवर एम ६ असलेले शोधायचे, एवढेच. त्याला लागणारा पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल आता बनत नाही, त्यामुळे आजच्या सेलवर चालवण्यासाठी ते जुळवून घ्यावे लागते आणि ते काम जाणणारा माणूस आधी गाठावा लागतो, हेही मी सांगितले. मग किंमत सांगितली. त्यावर ह्यांनी आपल्या हातातल्या घड्याळाचा पट्टा जुना झाल्याचे सांगून तेवढाच बदलून आणायला सांगितले.